सर, कंपनीत गेल्यावर नेमकं काय होतं?

मागच्या अंकात आयटीआयच्या प्रवेशाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रं, मेसेज आले ते जवळपास सगळे प्रवेशानंतरचे. ट्रेड कुठला घेऊ हे कोणी विचारतच नाहीये, पास झाल्यावर पुढे काय वाढून ठेवलंय ते सांगा म्हणतायत. बरं वाटलं. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी नऊ वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होतो आणि नंतर सरकारी आयटीआयत वीजतंत्री ट्रेडचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, म्हणून रिटायर झालो. (इलेक्ट्रिशियनला सरकारी कागदावर वीजतंत्री म्हणतात, फिटरला जोडारी, वेल्डरला संधाता. सर्टिफिकेट सोडून हे शब्द मी आजवर कुठे ऐकले नाहीत, कंपनीच्या गेटवर 'मी जोडारी' म्हणालात तर वॉचमन परत पाठवेल.) त्यामुळे उत्तरं याच ट्रेडच्या अंगाने येतील, सांभाळून घ्या.

प्रश्न : सर मी इलेक्ट्रिशियन सेकंड इयरला आहे, तालुक्याच्या आयटीआयत. प्रॅक्टिकलचे सगळे जॉब केलेत, जर्नल पूर्ण आहे, मोटर चालू करायचा स्टार-डेल्टा स्टार्टर डोळे मिटून जोडतो. पण कंपनीत लागलेले सिनियर म्हणतात यातलं काहीच लागत नाही तिथे, सगळं नव्याने शिकावं लागतं. मग आम्ही दोन वर्षं काय करतोय?

उत्तर : तुझा सिनियर अर्धं खरं बोलतोय. अर्धं खोटं कुठलं ते आधी सांगतो. स्टार-डेल्टा का लावतात, सुरुवातीचा लाइन करंट डायरेक्ट ऑनलाइनच्या, म्हणजे मोटर थेट लाइनवर चालू करण्याच्या, साधारण एक तृतीयांशावर येतो म्हणून लावतात, हे ज्याला कळलंय तो कुठल्याही कंपनीत उभा राहू शकतो. पॅनल कुठलंही असो, मोटर तीच असते.

आता खरं अर्धं. आयटीआयच्या बोर्डावर तू जोडतोस ते कोरं असतं. लाल पिवळी निळी वायर, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, समोर भिंतीवर ड्रॉइंग, मागे सर उभे. कंपनीतलं पॅनल उघडशील तेव्हा आत वीस वर्षांत पाच जणांनी हात घातलेला असतो, अर्ध्या वायरी एकाच रंगाच्या कारण त्या दिवशी स्टोअरमध्ये तेवढीच होती, फेरूल (वायरीवरचे नंबर) गळून पडलेले, ड्रॉइंग कुणाच्या तरी कपाटात आणि त्या कपाटाची चावी रजेवर. आणि तुला तिथे काही जोडायचं नसतं, बंद पडलेलं चालू करायचं असतं, मागे प्रॉडक्शनवाला दर दोन मिनिटांनी 'झालं का' विचारत असतो. आपल्याकडे जोडायला शिकवतात, शोधायला फार कमी. हा खरा फरक आहे.

हे आत्ता, सेकंड इयरलाच शिकून घे, त्याला पैसे लागत नाहीत. तू जोडलेल्या स्टार्टरमध्ये मित्राला तुझ्या मागे एक फॉल्ट घालायला सांग आणि तो शोध. स्टार्ट दाबलं, कॉन्टॅक्टर (मोटरला सप्लाय देणारा, कॉइलवर चालणारा स्विच) ओढत नाही. कंट्रोलला सप्लाय आहे का? स्टॉप बटणातून पुढे येतोय का? ओव्हरलोडच्या (करंट वाढला की मोटर बंद करणाऱ्या रिलेच्या) ९५-९६ नंबरच्या टर्मिनलमधून? स्टार्टच्या पलीकडे? कॉइलच्या ए१-ए२ या टोकांवर? असं एकेक पाऊल पुढे जायचं, कुठे थांबला तिथे फॉल्ट. मोबाईलवर वेळ लाव. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, महिन्याभराने पाच मिनिटात सापडायला लागेल, आणि तू आत्ता जे 'डोळे मिटून जोडतो' म्हणतोयस त्याऐवजी डोळे उघडून बघायला लागशील. फॉल्ट वीज बंद असतानाच घालायचा आणि सर समोर असतानाच चालू करून बघायचं, ही अट आहे, सरांना न सांगता केलंस तर मला पत्र पाठवू नकोस.

अजून एक. ओव्हरलोड ट्रिप झालेला असतो, कोणीतरी रिसेट दाबतं, मोटर चालू, सगळे खूश, आणि दहा मिनिटांत परत बंद. तिसऱ्यांदा कोणीतरी शहाणा ओव्हरलोडचं सेटिंगच वाढवून ठेवतो म्हणजे ट्रिपच नको व्हायला, आणि मग वाइंडिंग जळतं. तो का पडला ते बघायचं असतं. तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने घे, एक फेज गेलाय का, बेअरिंग जाम आहे का, पंपात काही अडकलंय का. इंटरव्ह्यूत 'मला रिसेट मारायच्या आधी करंट बघायची सवय आहे' एवढं जरी बोललास ना तरी समोरचा मेंटेनन्सवाला खुर्चीत सरळ बसेल.

प्रश्न : नमस्कार. माझा मुलगा आयटीआय करून चाकणला ॲप्रेंटिसला लागलाय, दोन महिने झाले. रोज फोनवर रडकुंडीला येतो. म्हणतो आई मला झाडू मारायला लावतात, माल उचलायला लावतात, एका खोलीत सहा जण राहतो, पैसे पुरत नाहीत, घरी येऊ का. याचे वडील म्हणतात येऊ नको, सगळ्यांना करावं लागतं. मला काही कळत नाही काय सांगू. — एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, त्याचे वडील म्हणतात ते बरोबर असू शकतं आणि मुलगा म्हणतो तेही. ते ठरवायला त्याला तीन-चार गोष्टी विचारा. रागावून नको, जेवला का विचारल्यावर हळूच.

पहिलं, झाडू कशाचा मारतोस? स्वतःच्या मशीनभोवतीचा, शिफ्ट संपताना, तर तो कामाचाच भाग आहे, तिथे पंधरा वर्षं जुना ऑपरेटरही मारतो, आणि आयटीआयत आम्ही ही सवय लावायला हवी होती ती लावली नाही म्हणून त्याला अपमान वाटतोय. पण दिवसभर गोडाऊनमध्ये माल उचलतोय आणि दोन महिन्यांत एकदाही मीटर हातात धरला नाही, तर ते शिकाऊ उमेदवारी नाही, स्वस्तातला हेल्पर आहे.

दुसरं, कॉन्ट्रॅक्ट. ॲप्रेंटिसशिपचा १९६१ चा कायदा आहे, त्याखाली मुलाचा आणि कंपनीचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असतो, त्याचा नंबर असतो. मुलाला लॉगिन करून तो बघायला सांगा. करार सापडलाच नाही, किंवा त्यावर ट्रेड भलताच आहे, तर तो ॲप्रेंटिस नाहीच, ठेकेदाराने नुसतं नाव दिलंय. हे फार होतं. आमच्या पोरांना 'कंपनीत लागलो' एवढंच माहीत असतं, कोणाच्या कागदावर लागलो हे सहा महिन्यांनी कळतं.

तिसरं, पैसे. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या उमेदवाराला महिना किमान ७,००० रुपये स्टायपेंड धरला होता, बऱ्याच मोठ्या कंपन्या जास्त देतात. सरकारच्या योजनेत २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार भरतं, आणि २०२३ पासून ते थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतात. खातं आधारला जोडलेलं नसेल तर ते अडकून पडतात आणि पोरगं म्हणतं कंपनीने पैसे मारले. हे आधी तपासा. ॲप्रेंटिसच्या स्टायपेंडमधून पीएफ कापत नाहीत, कापत असतील तर का ते विचारायला सांगा. ओव्हरटाइमही असा सहज लावता येत नाही, त्याला सरकारी ॲप्रेंटिसशिप सल्लागाराची परवानगी लागते. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हे याच कायद्यात लिहिलंय.

हे सगळं ठीक निघालं तर ताई, त्याला राहू द्या. पहिल्या तीन महिन्यांत निम्मी पोरं परत यायच्या विचारात असतात, मीपण होतो, सहा जणांच्या खोलीत पाळ्या वेगवेगळ्या असल्या की कोणीतरी कायम झोपलेलं असतं आणि कोणीतरी कायम लाइट लावतं. त्याला आधी एक चांगली मेस बघायला सांगा, अर्धं रडणं पोटाचं असतं. आणि वर्ष पूर्ण करून परीक्षा देऊन नॅशनल ॲप्रेंटिसशिप सर्टिफिकेट हातात घेऊनच बाहेर पडायचं, भरतीत त्याला किंमत आहे. फक्त एक गैरसमज आत्ताच काढा, ॲप्रेंटिस संपली की तीच कंपनी कायम करते असं काही नाही. कायदा एवढंच म्हणतो की कंपनीने आपलं धोरण ठरवावं. नऊ-दहा महिने झाले की इकडे तिकडे अर्ज टाकायला लागायचं.

आणि काही ठीक नसेल निघालं तर घरी आणू नका, आयटीआयच्या प्राचार्यांना आणि जिल्ह्याच्या मूलभूत प्रशिक्षण केंद्राला लेखी कळवा, बदलून दुसरी कंपनी मिळू शकते.

प्रश्न : मी तासिका तत्त्वावर निदेशक आहे, विदर्भात. मुलांना इंडस्ट्रीची तयारी करून द्या असं वरून रोज येतं. कच्चा माल वेळेवर येत नाही, मशीन अर्ध्या बंद, आसपास एमआयडीसी म्हणजे दोन जिनिंग आणि एक दालमिल. तयारी कशाच्या जोरावर करायची?

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण 'आहे त्यात भागवा' असं मी तुम्हाला सांगायला बसलो तर ते वरून येणाऱ्या पत्रासारखंच होईल. माल यायलाच हवा, मशीन चालूच हव्यात. ते भांडण चालू ठेवा. खालचं सगळं त्याच्या जोडीला आहे, त्याच्या बदल्यात नाही.

मी नोकरीत असताना एक मोठी चूक केली. माझा एक पोरगा, बॅचमधला सगळ्यात हुशार, बेंचवर त्याचं काम बघायला बाकीचे जमायचे. कॅम्पसमधून लागला आणि अकराव्या दिवशी घरी परत. मी चिडून विचारलं काय झालं, तर म्हणाला सर, पहाटे चारला मला उभ्या उभ्या झोप लागली, सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला, मी सकाळी बॅग उचलली. बस. त्याला मी सगळं शिकवलं होतं, थर्ड शिफ्ट असते आणि पहिले पंधरा दिवस शरीर बंड करतं, रात्री जेवण हलकं ठेवायचं, दिवसा खिडकीला जाड चादर लावून झोपायचं, हे कोणी सांगितलंच नव्हतं. मलाच वाटलं नव्हतं की हे शिकवायचं असतं. त्याने नंतर गावात झेरॉक्सचं दुकान टाकलं. चांगलं चाललंय त्याचं, पण तो हात वाया गेला हे मला अजून सलतं.

त्यानंतर मी जे करायला लागलो ते सांगतो. दर टर्मला एक आठवडा वर्कशॉप कंपनीसारखं चालवायचं. सेफ्टी शूज दिवसभर, आठ तास, बसायचं नाही. पहिल्याच दिवशी दुपारी दोनला सगळ्यांच्या पायाला फोड. तेव्हा कळतं की बूट एक नंबर मोठा घ्यायचा आणि मोजे सुती. दाराशी हजेरी, पाच मिनिटं उशीर म्हणजे अर्धा दिवस गेला, मग बस बंद असो की आजी आजारी. मोबाईल गेटवर जमा. यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो, दुसरे दिवशी पालक येतात, त्यांना चहा द्यायचा आणि सांगायचं की कंपनीत तुम्ही चहाला येणार नाही आहात.

शिफ्ट संपताना प्रत्येकाने चार ओळींची नोंद लिहायची, काय बंद पडलं, काय सापडलं, काय केलं, पुढच्या पाळीवाल्याला काय सांगायचंय. तोंडी नाही, लिहून. आमची मुलं हाताने सोनं करतात आणि चार ओळी लिहायच्या म्हटलं की घाम फुटतो, आणि कंपनीत बढती या चार ओळींवर होते, सर.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, यावर एक अख्खा दिवस घालवा. 'नाही' म्हणायची प्रॅक्टिस. तुम्ही सुपरवायझर व्हा आणि एकेकाला दमात घ्या, "लाइन थांबलीय, चालूमध्येच बदलून टाक कॉन्टॅक्टर, दोन मिनिटांचं काम आहे." बघा किती जण हो म्हणतात. माझ्याकडे पहिल्या वर्षी वीसच्या वीस जण हो म्हणाले होते. मग त्यांना नीट वाक्य शिकवा, भांडायचं वाक्य नाही, कामाचं वाक्य: "साहेब, आयसोलेटर बंद करून कुलूप लावतो, पाच मिनिटांत करून देतो." हे वाक्य पाठ असलं की ४१५ व्होल्टसमोर माणूस एकटा पडत नाही. कारखान्यात मला एका म्हाताऱ्या वायरमन काकांनी शिकवलं होतं की टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघ तो पेटतो का, मग बंद केलेल्यावर लाव, मग परत चालूवर. मधल्या मध्ये टेस्टरच मेला असेल तर? त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी होती, का ते मी कधी विचारलं नाही. कपॅसिटर पॅनलच्या बाबतीतही, मेन बंद केलं म्हणजे झालं असं नाही, तो चार्ज धरून बसलेला असतो, डिस्चार्ज करून, मोजून मगच हात.

तुमच्या त्या दोन जिनिंग आणि दालमिल कमी समजू नका. हंगामात जिनिंगमध्ये मोटरी, धूळ, कापसाची आग, रात्रपाळी, घाई, सगळं एका छपराखाली असतं. मालकाला भेटा, पोरं फुकट नका देऊ, हंगाम सुरू व्हायच्या आधी मोटरींची देखभाल, मेगर घेऊन इन्सुलेशन बघणं, कनेक्शन घट्ट करणं असं काम तुमच्या देखरेखीखाली मागा. गावातल्या रिवाइंडिंगवाल्याकडे दोन-दोन पोरं आठवडाभर बसवा, जळलेली मोटर उघडली की वास येतो त्या वासावरून का जळली ते तो सांगेल, असं कुठल्या पुस्तकात नाही. आणि एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचा तास, जो सगळीकडे 'मैदानावर' जातो, त्यात पगाराची स्लिप वाचायला शिकवा. खाली एकाने तेच विचारलंय, बघा.

प्रश्न : सर ऑफर आली १८,००० ची, हातात १४ च्या आसपास पडतात म्हणे. बाकीचे कुठे जातात? फसवतायत का?

उत्तर : मित्रा, स्लिप हातात घे. पीएफ बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के, तो तुझाच, तुझ्या यूएएन नंबरवर (पीएफचा तुझा कायमचा नंबर) जमा होतो, ॲपवर बघ खरंच जमा होतोय का. ईएसआय ०.७५ टक्के, २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना, त्यात तुझा आणि घरच्यांचा दवाखाना आहे, कार्ड काढून घे, पोरं कार्डच काढत नाहीत. प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. मग कॅन्टीन, बस. एवढं कापूनही हिशेब १४ पर्यंत उतरत नसेल तर १८ हा 'सीटीसी', म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च, होता, त्यात कंपनीचा स्वतःचा पीएफचा हिस्साही धरलेला असणार. फसवणूक नाही पण लबाडी आहे. पुढच्या वेळी विचारायचं, "हातात किती आणि बेसिक किती?" न लाजता. आणि पगार देणारा कंपनी आहे की कॉन्ट्रॅक्टर, ते स्लिपच्या वरच्या ओळीत लिहिलेलं असतं, ती ओळ आधी वाच.

प्रश्न : मी इलेक्ट्रिशियनच्या बॅचमध्ये तीन मुलींपैकी एक आहे. कॅम्पसला आलेल्या कंपनीने आम्हा तिघींना पॅनल वायरिंगला घेतो म्हणाले, मेंटेनन्सला नाही, 'लेडीजना जमत नाही'. घरचे म्हणतात तेच बरं, बसून काम आहे. मला मात्र महावितरणमध्ये जायचंय. खांबावर चढायला लागलं तर?

उत्तर : लागलं तर चढायचं, बाळा. महावितरणमध्ये खांबावर चढणाऱ्या बाया आहेत आज, गावोगावी आहेत, त्यांना कोणी विचारत नाही जमतं का, लाइट गेली की फोन करतात. चढण्याचं तंत्र आहे, ताकद नंतर येते. शिडी लावणं, सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, अर्थिंग रॉड आधी टाकणं, हे आत्ताच सरांकडे मागून घे, मुलांना सांगतात आणि मुलींना 'तुम्ही खाली थांबा' म्हणतात तिथे थांबायचं नाही. मी स्वतः पहिली काही वर्षं असं म्हणालोय, त्याची लाज वाटते.

भरतीचं खरं चित्र मात्र माहीत असू दे. विद्युत सहायकाच्या ५,३४७ जागा निघाल्या होत्या, अर्ज २०२४ मध्ये भरले गेले, पहिली तीन वर्षं कंत्राटी, मानधन पहिल्या वर्षी १५,०००, मग १६,०००, मग १७,०००. अर्ज भरल्यापासून हातात ऑर्डर पडेपर्यंत कसोटी लागते. तोपर्यंत घरी बसून अभ्यास करते म्हणू नकोस, हात गंजतो.

म्हणून पॅनल वायरिंगची नोकरी मला वाईट वाटत नाही, कारण वेगळं. 'बसून काम' म्हणून नको घेऊस (ते बसून नसतंच, मान आणि अंगठा जातो त्यात), वर्षभर पॅनल बांधलंस तर कुठल्याही पॅनलचं ड्रॉइंग तुला पेपरासारखं वाचता येईल, आणि मग तोच मेंटेनन्सवाला, ज्याला लेडीज जमत नाहीत, तो ड्रॉइंग घेऊन तुझ्याकडे येईल. जॉइन व्हायच्या आधी एवढं विचार : कपडे बदलायला जागा आहे का, टॉयलेट कुठे आहे, सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस दारापर्यंत सोडते का. आणि मेंटेनन्सला बदली मागता येते का, हेही तेव्हाच विचारून ठेव, एचआरवाला चमकला तर चमकू दे.

प्रश्न : नोकरी नको, गावात स्वतःचं वायरिंगचं काम करायचंय. सर्टिफिकेट पुरेल ना?

उत्तर : पुरणार नाही. तारतंत्री, म्हणजे वायरमनचा, परवाना काढ आधी, विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात चौकशी कर. नवीन मीटरसाठी जो टेस्ट रिपोर्ट लागतो तो परवानाधारक ठेकेदाराच्या सहीशिवाय चालत नाही, म्हणून सुरुवातीला अशा एखाद्या ठेकेदाराच्या हाताखाली दोन वर्षं काढ. त्याच्याकडे वायरिंगपेक्षा एक गोष्ट जास्त लक्ष देऊन शिक, काम सुरू करायच्या आधी ॲडव्हान्स कसा मागतात ते. गावात सगळे काकाच असतात आणि काका लोक दिवाळीनंतर देतो म्हणतात.